हजरत उवैस करनी (रह.) : दिरहमाएवढा डाग

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीच्या काळात यमनहून कुमकेच्या तुकड्या मदीनेत येत. तुकडी आली की खलीफा स्वतः विचारणा करीत, तुमच्यात आमिरचा मुलगा उवैस आहे काय? उत्तर नकारार्थी आले, की पुढच्या तुकडीची वाट पाहत. अखेर एकदा तो मनुष्य सापडला. खलीफांनी एकेक खूण पडताळून पाहिली. टोळी मुराद, त्यातली शाखा करन. घरी आई, जिची सेवा करण्यात याने कसूर केली नाही. आणि शेवटची खूण अंगावरची : याला बरस झाला होता, तो बरा झाला, मात्र दिरहमाएवढी एक जागा तशीच राहिली.

या खुणा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत उमर (रजि.) यांना सांगून ठेवल्या होत्या. आपण ज्यांना कधी पाहिले नाही अशा एका यमनी माणसाची ओळख पैगंबरांनी (स.) करून दिली, त्यांना ताबिईनमधील सर्वश्रेष्ठ म्हटले आणि भेट झाल्यास त्यांच्याकडून मगफिरतीची दुआ करवून घेण्यास सांगितले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. लग्नाच्या बायोडाट्यात आपण जी गोष्ट सर्वांत आधी झाकतो, ती येथे एका वलीच्या ओळखीत आईच्या सेवेशेजारी मांडली आहे.

बरस म्हणजे आपल्या मराठीतले कोड, पांढरे डाग. त्याची गल्लत नेहमी जुजाम म्हणजे कुष्ठरोगाशी होते. अरबी भाषेने दोन्हींना पहिल्यापासून निरनिराळे शब्द दिले. आपल्या बोलण्यात मात्र पांढरे कोड म्हणता म्हणता कुष्ठाची भीती त्यात मिसळून गेली आहे. जुजाम जंतूंमुळे होतो. बरसमध्ये जंतू नसतात. शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशीच चुकून कातडीतील रंगपेशींवर हल्ला चढवतात, त्या नष्ट होतात आणि तेथील त्वचा पांढरी पडते. म्हणून हा स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा एका मुसल्यावर नमाज पढल्याने पसरत नाही. जगात शंभरातील साधारण अर्धा ते दोन लोकांना तो असतो. थायरॉइडसारखे त्याच जातीचे दुसरे आजार काहींना सोबत असतात, म्हणून डॉक्टर ती तपासणीही करवून घेतात.

या आजाराचा सर्वांत मोठा त्रास त्याच्या लहरीपणाचा आहे. वर्षभर डाग जागचा हलत नाही आणि मग एखाद्या महिन्यात ओठांवर, बोटांवर, डोळ्यांभोवती पसरू लागतो. काल काय खाल्ले, कोणाची नजर लागली, कोणी काही केले तर नाही ना, याचा शोध घरात सुरू होतो. येथे भाषेचा एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. उवैस (रह.) यांच्या शाखेचे नाव करन, म्हणून ते करनी, आणि मराठीत करणी म्हणजे जादूटोणा. ज्या आजाराचे खापर आपण करणीवर फोडतो, तो आजार हजरत करनींच्या अंगावर होता!

दौंड आणि शिरूर येथील आपल्या घरांत या विषयावर सहसा उघडपणे बोलले जात नाही. भीमाकाठच्या दौंडमध्ये उजनीच्या फुगवट्याची मासळी स्वयंपाकघरात नेहमीची, आणि त्याबरोबर हा समजही नेहमीचा की मासळीवर दूध प्यायले म्हणून अंगावर डाग उठले. यात तथ्य नाही. पण मुलीला डाग दिसला की प्रथम तिच्या आईला विचारले जाते, गरोदरपणी काय खाल्लेस? डाग बाजूला राहतो आणि दोन बायका आयुष्यभराच्या गुन्हेगार ठरतात. घोडनदीकाठच्या शिरूरकडे चौफुला-न्हावरा रस्त्याने सोयरिकी जातात-येतात, त्याच रस्त्याने ही कुजबुजही जाते. भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालून वलीम्यात एका कोपऱ्यात बसणारी मुलगी मी पाहिली आहे. मशिदीत तावीज मागायला येणारे बाप तर प्रत्येक इमामाने पाहिलेले असतात.

प्रेषितांनी (स.) स्वतः बरस, वेडेपणा आणि जुजाम यांपासून अल्लाहचा आश्रय मागितला आहे. म्हणजे हा त्रास खरा आहे. त्यात काय एवढे, असे म्हणून तो उडवून लावणे सुन्नतीला धरून नाही. कुरआनात हजरत ईसा (अलै.) यांच्या मोजिजांमध्ये, अल्लाहच्या आज्ञेने, जन्मांधांबरोबर बरस झालेल्यांना बरे करण्याचा उल्लेख दोन ठिकाणी, सूरह आले इमरान आणि सूरह माइदामध्ये, आला आहे. परंतु आश्रय मागितला तो आजारापासून, आजारी माणसापासून नव्हे. ज्यांनी ती दुआ शिकवली, त्यांनीच उवैस (रह.) यांची भेट घेण्याची शिफारस केली.

उवैस (रह.) यांनी या आजारात दुआ केली, हे एका रिवायतीत स्पष्ट आहे. दुसऱ्या एका रिवायतीत असेही येते की थोडी जागा तशीच राहू द्यावी, म्हणजे ती पाहून नेमतीची आठवण राहील, असे मागणेही त्यांनी केले. ही दुसरी रिवायत पहिलीच्या ताकदीची नाही, तरी ती मला प्रिय आहे. त्वचारोगाच्या डॉक्टरांना विचाराल तर तेही सांगतील की उपचाराने बराचसा रंग परततो आणि एखादी जागा, विशेषतः बोटांची टोके, हट्टाने पांढरी राहते. तेवढी जागा राहिली म्हणून उपचार फसले असे समजू नये.

दुआ करायची म्हणजे दवा करायची नाही, असा अर्थ आमच्या पूर्वजांनी काढला नाही. अंदालुसियाचे वनस्पतिवैद्य इब्न अल-बैतार, ज्यांचा मृत्यू 1248 मध्ये झाला, त्यांनी औषधी वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात आतरीलाल नावाच्या झाडाच्या बियांची हकिकत नोंदवली आहे. उत्तर आफ्रिकेतील एका बर्बर टोळीकडे ते औषध होते : बी पोटात घ्यायचे आणि डाग उन्हात धरायचा. 1940 नंतरच्या दशकात मिसरमधील डॉक्टर अब्दुल मुनइम अल-मुफ्ती यांनी त्याच झाडापासून काढलेल्या औषधांवर काम केले आणि तेथून प्रकाशोपचाराची आधुनिक वाट निघाली. आपल्याकडची बावची याच गुणाची आहे.

बावचीबाबत मात्र सावधगिरीची सूचना देणे भाग आहे. तिच्यातील द्रव्य कातडीला उन्हाबाबत हळवी करते. प्रमाण न कळता तेल चोळून दुपारच्या उन्हात बसल्यास कातडी भाजते, फोड येतात, पाणी सुटते. त्यातच या आजाराची एक खोड अशी की जेथे भाजले, खरचटले किंवा सतत घासले, तेथे नवा डाग उठू शकतो. सलवारीच्या घट्ट नाड्याखाली कमरेवर डागांची रेघ उमटते ती यामुळेच. मग घरचे म्हणतात, आजार अचानक उलटला, कोणीतरी काही केले. आधीपासून थायरॉइडची किंवा दुसरी गोळी चालू असलेला रुग्ण घाबरून ती गोळीही बंद करतो, आणि एकाचे दोन आजार होतात. नवी खाज, फोड किंवा डाग दिसला तर कोणते मलम, तेल, साबण, चप्पल किंवा केसांचा रंग नव्याने वापरला, याची तारखेसह नोंद करावी आणि ती डॉक्टरांपुढे ठेवावी. चालू गोळ्या त्यांना विचारल्याशिवाय सोडू नयेत. डागाच्या जागी स्पर्श कळत नसेल, तर ते कोड नव्हे, कुष्ठाची तपासणी करून घ्यावी. त्यावरचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि तो रोगही बरा होतो. कोडावर आज मलमे आहेत, विशिष्ट किरणांचा उपचार आहे, डाग स्थिर असतील तर कातडी किंवा रंगपेशी बसवण्याची शस्त्रक्रिया आहे.

आपल्या पुणे जिल्ह्याला या बाबतीत एक सोय आहे. डॉ. माया तुळपुळे यांना स्वतःला कोड आहे. त्यांनी पुण्यात श्वेता असोसिएशन ही संस्था उभी केली, जेथे असे लोक एकमेकांना भेटतात. त्यांचे वधू-वर मेळावेही होतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 2006 मध्ये याच विषयावर नितळ हा मराठी चित्रपट केला.

सोयरिकीचा प्रश्न आलाच आहे, तर मसला सांगून टाकतो. इमाम मालिक, इमाम शाफई आणि इमाम अहमद (रह.) यांच्या मते निकाहपूर्वी बरस ठाऊक नसेल, तर नंतर निकाह फस्ख करण्याचा हक्क दोन्ही बाजूंना मिळतो. आपल्या कोकणातील शाफई बांधवांनी हे लक्षात ठेवावे. हनफी मझहबात इमाम अबू हनीफा आणि इमाम अबू यूसुफ (रह.) यांच्या मते तो हक्क मिळत नाही, इमाम मुहम्मद (रह.) यांनी तो केवळ पत्नीला, पतीच्या आजाराबाबत, दिला. मतभेद असा आहे, पण लपवून निकाह लावावा असे कोणीही सांगितलेले नाही. जो जाणूनबुजून होकार देतो त्याला नंतर तक्रारीला जागा उरत नाही. म्हणून आधी सांगणे हेच मुलीच्या हिताचे आहे.

आता पुन्हा उवैस (रह.) यांच्याकडे वळू. ते प्रेषितांच्या (स.) काळात हयात होते, ईमान आणले होते, तरी सहाबी झाले नाहीत. म्हाताऱ्या आईला सोडून त्यांना यमनमधून निघता आले नाही, असे चरित्रकार सांगतात. उहुदची बातमी ऐकून त्यांनी आपले दात पाडले, ही गोष्ट आपल्याकडे वाअजमध्ये रंगवून सांगितली जाते. तिला विश्वसनीय सनद नाही, आणि आपलेच शरीर जखमी करणे शरीअतला मान्यही नाही. ज्याने आईसाठी सर्वांत मोठी भेट सोडली, त्याला आणखी दंतकथेची गरज कशाला?

हजरत उमर (रजि.) यांच्या विनंतीवरून त्यांनी खलीफांसाठी मगफिरत मागितली. खलीफांनी पुढचा बेत विचारला, तेव्हा कूफ्याला जाणार असल्याचे कळले. तेथील सुभेदाराला पत्र देऊ का, असेही खलीफांनी विचारले. उवैस (रह.) यांनी ते नाकारले, ज्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही अशा गोरगरिबांत राहणे त्यांना अधिक आवडत होते.

कूफ्यात त्यांचे हाल होते. हदीसच्या बैठकीला ते येत आणि त्यांचे बोलणे इतरांहून वेगळे, मनाला भिडणारे असे. मग ते येईनासे झाले. उसैर बिन जाबिर घरी शोधत गेले, तेव्हा कारण कळले : अंगावर घालायला कपडा नव्हता. उसैर यांनी आपली चादर देऊ केली. लोक ती पाहून आणखी छळतील, म्हणून ते घेईनात, आग्रहाने घेतली. झालेही तसेच. ही चादर उवैसला मिळाली कोठून, असे लोक एकमेकांना विचारू लागले.

पुढच्या वर्षी कूफ्यातील एक प्रतिष्ठित गृहस्थ हजला गेला. खलीफांनी त्याच्याजवळ उवैस (रह.) यांची चौकशी केली. मोडक्या घरात, थोड्या सामानात राहतात, असे त्याने सांगितले. तेव्हा खलीफांनी त्याला ती हदीस ऐकवली. परत येताच तो थेट त्यांच्या दारी गेला आणि दुआ मागू लागला. तू तर नुकताच पवित्र प्रवासाहून आलास, दुआ तूच माझ्यासाठी कर, असे उवैस (रह.) यांनी त्याला सांगितले. तो हटेना, तेव्हा उमर (रजि.) भेटले होते का, एवढेच विचारले. होय म्हणताच त्यांनी त्याच्यासाठी दुआ केली. पण आता गावाला कळले होते. लोक दारी येऊ लागले आणि उवैस (रह.) तेथून निघून गेले.

बहुतेक इतिहासकारांच्या मते हिजरी 37, म्हणजे इसवी सन 657 मध्ये, फुरात नदीकाठच्या सिफ्फीनच्या लढाईत हजरत अली (रजि.) यांच्या बाजूने लढताना ते शहीद झाले. सिरियातील रक्का येथे त्यांच्या नावाची मजार होती, ती 2014 मध्ये उद्ध्वस्त करण्यात आली. तुर्कस्तानात सिर्त प्रांतातील बायकान येथेही त्यांच्या नावाची एक मजार आहे आणि तेथे आजही लोक जातात.