विश्लेषण : मुलांच्या रक्तकर्करोगावरील उपचारांना दिशा देणारे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव कोण होते?

लहान मुलांना होणारा तीव्र ल्युकेमिया १९४०च्या दशकापर्यंत काही महिन्यांतच जीव घेत असे. आज प्रगत देशांत यातील बहुतांश मुले बरी होतात. या बदलामागे एका भारतीय शास्त्रज्ञाचे मोठे योगदान आहे.

सुब्बाराव कोण होते?

जन्म १२ जानेवारी १८९५, भीमावरम (आताचे आंध्र प्रदेश). मद्रास मेडिकल कॉलेजात खादी वापरल्याने इंग्रज प्राध्यापकाची नाराजी ओढवली आणि एमबीबीएसऐवजी कनिष्ठ दर्जाच्या एलएमएस पदवीवर समाधान मानावे लागले. १९२२ मध्ये ते अमेरिकेत पोहोचले. रुग्णालयात पडेल ते काम करत हार्वर्डमध्ये संशोधन केले. तिथे कायमस्वरूपी पद मिळाले नाही, म्हणून १९४० मध्ये ते लेडर्ले या औषध कंपनीत गेले.

औषध कसे सापडले?

सुब्बाराव यांचा भाऊ स्प्रू या आतड्यांच्या आजाराने दगावला होता. त्यावर उपयुक्त ठरलेले फॉलिक ॲसिड त्यांच्या चमूने १९४५ मध्ये प्रयोगशाळेत तयार केले. पेशींच्या वाढीसाठी हे जीवनसत्त्व लागते, कर्करोगाच्या पेशींनाही. त्यामुळे बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांना फॉलिक ॲसिडचे काम रोखणारे औषध हवे होते. सुब्बाराव यांच्या चमूने ॲमिनोप्टेरिन दिले. १६ मुलांपैकी १० जणांचा आजार ओसरला. हे निष्कर्ष जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले.

मग अडचण काय होती?

काही महिन्यांत आजार उलटत असे. औषधाला दाद न देणाऱ्या पेशी शिल्लक राहत आणि पुन्हा वाढत. हा प्रश्न सुटण्यापूर्वीच, ऑगस्ट १९४८ मध्ये, ५३व्या वर्षी सुब्बाराव यांचे हृदयविकाराने निधन झाले.

तोडगा कसा निघाला?

क्षयरोगावर एकापेक्षा जास्त औषधे एकत्र दिली जात होती. एका औषधातून सुटलेला जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडावा, हा हेतू. हेच सूत्र अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील डॉ. एमिल फ्राय आणि डॉ. एमिल फ्रायराइख यांनी ल्युकेमियाला लावले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी चार औषधे एकत्र देऊन पाहिली : व्हिन्क्रिस्टीन, मेथोट्रेक्सेट, मर्कॅप्टोप्युरिन आणि प्रेडनिसोन. दुष्परिणाम तीव्र होते, टीकाही झाली. पण काही मुलांचा आजार परत आलाच नाही.

या चारपैकी मेथोट्रेक्सेट हे ॲमिनोप्टेरिनचेच भावंड, लेडर्लेमध्येच तयार झालेले. ल्युकेमियाच्या उपचारांत ते आजही वापरले जाते.