अजिंठ्याचं कमळ फुलदाणीवर कसं उतरलं?

सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री सोलापूर सोडलं की सकाळी आपण सीएसएमटीला उतरतो. डोळ्यांवर झोप, खांद्यावर सॅक आणि समोर लोकलची गर्दी. अशात मान वर करून इमारत बघायला वेळ कुणाला असतो? पण पुढच्या खेपेला दोन मिनिटं थांबा. खांबांवर, कमानींवर, खिडक्यांच्या कडेनं दगडात पानं-फुलं कोरलेली दिसतील. त्यांच्यामधून मोर आणि माकडंही डोकावतील. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या आराखड्यानुसार १८८८ मध्ये ही इमारत पूर्ण झाली. तिच्या नक्षीकामाला जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचे हात लागले. म्हणजे साधारण तुमच्याच वयाच्या मुलांचे. त्यांच्याकडून हे काम करून घेणारा मास्तर होता जॉन ग्रिफिथ्स.

ग्रिफिथ्सचं नाव आज निघतं ते अजिंठ्यामुळे. पण त्याच्या आयुष्याच्या गोष्टीत मातीची भांडीही आहेत. आणि डिझाइन शिकणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडणारा एक प्रश्नही आहे. जुन्या कलेतून नक्षी घ्यायची, म्हणजे नेमकं काय करायचं?

वेल्सचा पोरगा, मुंबईचा मास्तर

ग्रिफिथ्सचा जन्म १८३७ चा, वेल्समधल्या लानव्हायर नावाच्या छोट्या गावातला. चित्रकलेचं शिक्षण त्यानं लंडनमध्ये घेतलं. साउथ केन्सिंग्टनचं मोठं संग्रहालय तेव्हा सजवलं जात होतं, त्या कामात तो होता. तिथेच त्याच्या बरोबरीचा आणखी एक तरुण काम करत होता, जॉन लॉकवुड किपलिंग. ‘जंगल बुक’ लिहिणाऱ्या रुडयार्ड किपलिंगचे हे वडील. लॉकवुडनं उमेदवारी केली होती बर्स्लेममध्ये, म्हणजे इंग्लंडच्या कुंभारकामाच्या पट्ट्यात. मातीची भांडी, त्यांचे आकार आणि त्यांच्यावरची फुलं यातच तो तयार झाला होता.

१८६५ मध्ये दोघंही मुंबईत आले. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये सुरू झालेली कलाशाळा तेव्हा बाळसं धरत होती. किपलिंगकडे शिल्पकाम आलं आणि ग्रिफिथ्सकडे सजावटीचं चित्रकाम.

त्या काळात कलाशाळेत शिकवायचं काय, हाच मोठा वाद होता. विलायतेची पद्धत म्हणजे ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे समोर ठेवायचे आणि मुलांनी ते हुबेहूब काढायचे. पण ज्या मुलाच्या घरी दारात रांगोळी आहे, आईच्या लुगड्याच्या पदरावर वेल आहे, त्यानं पान काढायला शिकायचं ते ग्रीक खांबावरून का? हा प्रश्न ग्रिफिथ्सला पडला असावा, असं त्याच्या पुढच्या कामावरून वाटतं. कारण मुलांना घेऊन तो गेला तो थेट अजिंठ्याला.

छतावरची बाग

अजिंठ्याची लेणी बाहेरच्या जगाला १८१९ मध्ये पुन्हा कळली. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल तिथं राहून भिंतींवरच्या चित्रांच्या मोठमोठ्या नकला करत होता. त्या लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये लागल्या आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. कित्येक वर्षांची मेहनत एका आगीत गेली.

मग मुंबई सरकारनं १८७२ मध्ये हेच काम नव्यानं ग्रिफिथ्सकडे सोपवलं. सोबत जे. जे.ची मुलं. त्यांच्यातला पेस्तनजी बोमनजी १८५१ चा, म्हणजे तेव्हा एकवीस वर्षांचा. जगन्नाथ अनंत, नारायण एकनाथ अशी मराठी नावंही त्या चमूत सापडतात. काम चाललं १८८५ पर्यंत. तेवढ्या काळात सुमारे ३०० चित्रं तयार झाली.

आपल्याला अजिंठा म्हटलं की हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व आठवतो. पण पहिल्या आणि दुसऱ्या लेण्यात छताकडे बघा. कापडी चांदवा ताणून बांधावा तसं अख्खं छत रंगवलंय. पहिल्या लेण्यात चौकोनामागून चौकोन आणि त्यांत कमळं, कळ्या, फळं, हंस. कमळांच्या गर्दीत एक हत्तीही धावतोय. दुसऱ्या लेण्यात एकात एक वर्तुळं, त्यांतून फिरणाऱ्या वेली. देठ जिथं वळतो तिथं पान निघतं, पान संपतं तिथं कळी डोकावते. मोकळी जागा उरलीय असं वाटतच नाही, तरी गर्दीही होत नाही.

ही नक्षी उतरवून घेणं म्हणजे मान दुखवणारं काम. आत उजेड कमी, चित्रं धुरानं काळवंडलेली, कुठं कुठं गिलावा पडलेला. फूल अर्धंच शिल्लक असेल तर उरलेलं अर्धं कसं वळत असेल, हे त्या मुलांना ओळखावं लागे. त्यासाठी वेल कोणत्या नियमानं चालते, ते समजून घ्यावं लागे. नकलेचं काम करता करता त्यांचा हात व्याकरण शिकत होता.

आणखी एक गोष्ट. अजिंठ्याची चित्रं थेट दगडावर नाहीत. दगडावर आधी मातीचा गिलावा आहे, त्यात साळीचं तूस आणि झाडांचे तंतू मिसळलेले. त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. म्हणजे ते कमळ पहिल्यापासून मातीवरच उमललेलं होतं.

पुन्हा मातीवर

आता येऊ भांड्यांकडे. याच सुमारास जे. जे.मध्ये जॉर्ज टेरी नावाच्या दुसऱ्या शिक्षकानं भांडी घडवण्याचा विभाग उभा केला. सिंधमध्ये मातीच्या भांड्यांना काचेसारखी चकचकीत झिलई चढवायची जुनी परंपरा होती. निळी, हिरवी, पिवळी, तपकिरी. ती पद्धत टेरीनं मुंबईत आणली. भट्टी टेरीची आणि फुलं ग्रिफिथ्सच्या मुलांनी अजिंठ्याहून आणलेली. त्यातून तयार झालेल्या फुलदाण्या, सुरया आणि थाळ्या परदेशातल्या प्रदर्शनांत गेल्या. जॉर्ज बर्डवुडनं भारतीय हस्तकलांवरच्या १८८० च्या पुस्तकात त्यांची दखल घेतली.

ऐकायला सोपं वाटतं. छतावरचं फूल उचललं, भांड्यावर ठेवलं. पण करून बघा.

सोलापूरकरांना कुंभार परका नाही. सिद्धेश्वराच्या यात्रेत दरवर्षी ज्या कुंभारकन्येचा प्रतीकरूपानं विवाह लागतो, ती आपल्या गावच्या सगळ्यात मोठ्या सणाच्या मध्यभागी आहे. त्याच दिवसांत घरोघरी येणारं सुगड हातात घ्या. ते कुठूनही चौकोनी नाही. तोंड अरुंद, खाली पोट फुगलेलं, मग बुड पुन्हा निमुळतं. अजिंठ्याचा चौकोन त्यावर गुंडाळायला गेलात तर पोटावर फूल ताणलं जाईल आणि मानेशी चुरगळेल. म्हणून भांडं आधी उभं वाटून घ्यावं लागतं, सहा भागांत किंवा आठ. मोठं कमळ पोटावर, कळी वर मानेकडे, आणि काठाला फक्त पाकळ्यांची एक ओळ. छतावर एकाच नजरेत दिसणारी वेल इथं भांडं फिरवत फिरवत बघायची असते, त्यामुळे तिला सुरुवात आणि शेवट असून चालत नाही.

रंगांचं तर वेगळंच. भिंतीवर रंग लावताना दिसतो तसाच साधारण राहतो. झिलईच्या भांड्यावर लावताना दिसणारा रंग आणि भट्टीतून निघणारा रंग यांचा संबंध फक्त करणाऱ्यालाच ठाऊक. कोबाल्टची काळपट पूड भाजल्यावर गडद निळी होते. तांब्यातून हिरवा किंवा फिरोजी निघतो. झिलई वितळताना रेघ पसरते, म्हणून अजिंठ्यातली केसाएवढी बारीक रेष इथं टिकत नाही. ती जाड करावी लागते, पाकळीवरच्या दहा शिरांतल्या तीनच ठेवाव्या लागतात. आणि एकदा भांडं भट्टीत गेलं की खोडरबर नाही.

त्या काळच्या काही भांड्यांवर अजिंठ्यातली माणसंही रंगवलेली आहेत. मला ती तितकीशी पटत नाहीत. भिंतीवरचा राजपुत्र सुरईच्या पोटावर आला की अवघडल्यासारखा वाटतो. फुलं मात्र तिथं रुळतात. कारण करणाऱ्यानं भांड्याचं ऐकून त्यांना बदललेलं असतं. जिथं बदल केला तिथं नवी वस्तू जन्मली. जिथं नुसतं चिकटवलं तिथं अजिंठाही दिसत नाही आणि भांडंही.

आग आणि वॉर्निश

ग्रिफिथ्सच्या चित्रांचंही नशीब गिलसारखंच निघालं. नकला लंडनला पाठवल्या गेल्या आणि १८८५ मध्ये तिथल्या साठवणीच्या जागी आग लागली. शंभराहून जास्त चित्रं गेली. तेरा वर्षांच्या कामाचा मोठा वाटा एका फटक्यात संपला. कापडावरचं फूल जळालं. भांड्यांवरचं फूल मात्र आगीतूनच तयार झालेलं होतं. त्यातली काही भांडी आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आणि भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात आहेत.

इथंच थांबलं तर ग्रिफिथ्स नुसता हिरो ठरेल. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. काळवंडलेली चित्रं नीट दिसावीत म्हणून नकला करताना मूळ भिंतींवर वॉर्निश लावलं गेलं, असं अभ्यासक सांगतात. त्या क्षणी रंग उजळले असतील, पण वॉर्निश काळाबरोबर पिवळं, तपकिरी पडतं, धूळ धरतं आणि आक्रसताना खालचा रंगही ओढतं. पुढे १९२० च्या सुमारास हैदराबाद संस्थानानं इटलीहून तज्ज्ञ बोलावले. गिलावा पक्का करणं आणि जुनं वॉर्निश काढणं हे त्यांच्या मोठ्या कामांपैकी होतं. म्हणजे ज्या माणसानं अजिंठ्यावर मनापासून प्रेम केलं, त्याच्याच हातून अजिंठ्याला इजाही झाली. हेतू चांगला होता, एवढ्यानं भिंत बरी होत नाही.

आणि श्रेयाचं काय? ग्रिफिथ्सनं हार मानली नाही. उरलेल्या सामग्रीतून १८९६-९७ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांवर दोन भलेमोठे खंड लंडनहून प्रकाशित केले. मुखपृष्ठावर नाव त्याचं. पेस्तनजी पुढे पारशी घरांतली माणसं रंगवणारा चित्रकार म्हणून नावारूपाला आला, १९३८ पर्यंत जगला. बाकीच्या बहुतेक मुलांची नावं मात्र संग्रहालयांच्या नोंदींतच राहिली. आणि ज्यांनी चाकावर ती भांडी घडवली, त्या कारागिरांची नावं तर आपल्यापर्यंत फारशी पोचलीच नाहीत. पाचव्या शतकात छत रंगवणाऱ्यांचीही नाहीत.

ग्रिफिथ्स निवृत्त होऊन मायदेशी परतला आणि १९१८ मध्ये इंग्लंडमध्ये वारला. आयुष्याची तीसेक वर्षं त्यानं मुंबईला दिली होती.

आपल्या ग्राफ पेपरवर

हे सगळं सोलापूरच्या पोरापोरींनी का वाचायचं? कारण नक्षी हा आपल्या गावचा धंदा आहे. आपली चादर जेकार्डवर विणली जाते. तिच्यावरचं फूल आधी चौकटीच्या कागदावर काढतात, कारण प्रत्येक चौकट म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची एक गाठभेट. गोल पाकळी तिथं पायऱ्या-पायऱ्यांनी चढते. कुठली पायरी ठेवायची आणि कुठली गाळायची, हे डिझाइन करणाऱ्याला ठरवावं लागतं. जे. जे.तल्या मुलांपुढे भांड्याचं पोट होतं, आपल्यापुढे चौकट आहे. अडचण तीच.

आज मोबाइलवर एका सेकंदात हजार फुलं मिळतात. एखादं उचलून चादरीवर, कुर्त्यावर, इन्स्टाच्या पोस्टवर टाकणं अजिबात अवघड नाही. पण तयार फूल उचललं की त्याची वेल कशी चालते ते कळत नाही, आणि ते आपल्या वस्तूवर बसतंय का हेही कळत नाही.

त्यापेक्षा एक दिवस काढा. धाराशिव जिल्ह्यातलं तेर सोलापूरहून एका दिवसात बघून येण्यासारखं आहे. संत गोरा कुंभारांचं हे गाव. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहन काळापासूनची मातीची भांडी आणि मूर्ती ठेवल्या आहेत. वही-पेन्सिल न्या. एकच भांडं निवडा आणि अर्धा तास त्याच्यासमोर बसा. काठ, मान, पोट, बुड काढा. नक्षी कुठं सुरू होते, कुठं तुटते, कारागिराचं बोट कुठं घसरलंय ते बघा. मग घरी येऊन ती नक्षी तुमच्या वस्तूसाठी बदला.

वस्तूला हात लावू नका, फ्लॅश मारू नका. आणि वहीत खाली लिहून ठेवा, हे फूल कुठलं, कोणाच्या कामावरून घेतलं. कारागिराचं नाव माहीत नसेल तर निदान गावाचं नाव लिहा.