तट बांधणारा नहेम्या
बायबलातील नहेम्या हा इराणच्या अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार. शूशनच्या राजवाड्यात सुखात होता. यरुशलेमचा तट ढासळला आहे हे ऐकून तो रडला व इ. स. पू. ४४५ च्या सुमारास राजाची आज्ञा घेऊन तिकडे गेला. रात्री गुपचूप पडझड पाहून त्याने अनेकांस आपापल्या घरासमोरचा तट बांधावयास दिला. शल्लूमच्या मुलीही त्या कामी राबल्या. इतक्यात गोरगरीब बायकांसह आक्रोश करीत आले: कर्जापायी शेते गेली, लेकी दासी झाल्या. त्याने सावकारांना भरसभेत खडसावून शेते परत देण्याची शपथ घेवविली. स्वतः १२ वर्षे सुभेदारीचा भत्ता घेतला नाही. तट ५२ दिवसांत पुरा झाला. भगिनींनो, दगडांबरोबर त्याने माणसेही सांभाळली, हे मंडळ चालविणाऱ्या आपण विसरू नये.