भूगंधर्व रहिमतखाँ

ग्वाल्हेरच्या ख्यालगायकीविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. हद्दूखाँ व हस्सूखाँ यांना शिंदे दरबारात लाभलेला आश्रय आणि त्यांच्या मराठी शिष्यशाखेने ही विद्या दक्षिणेत नेल्याची हकीकत आपल्या वाचकांस परिचित आहे. हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ यांचे नाव निघाले, की मात्र चर्चा गायनाऐवजी त्यांच्या अफूकडे व विक्षिप्तपणाकडे वळते. हा त्या थोर गायकावर अन्याय आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

रहिमतखाँची तालीम घरातच, पित्यासमोर बसून झाली. ग्वाल्हेरची तालीम म्हणजे आकार, पलटे आणि बंदिशी यांचे वर्षानुवर्षे घोटणे. हद्दूखाँ १८७५ मध्ये निवर्तले. बंधू महंमदखाँही गेले. त्यानंतर रहिमतखाँच्या मनाचा तोल ढळला. अफूचे व्यसन जडले, घरदार सुटले आणि दरबारी गवयाचा हा पुत्र काशीच्या रस्त्यांवर विपन्नावस्थेत भटकू लागला.

तेथे त्यांना ओळखले ते विष्णुपंत छत्रे यांनी. १८८० मध्ये सर्कस उभी करणारे म्हणून छत्रे प्रसिद्ध आहेत. परंतु अश्वविद्येच्या ओढीने ग्वाल्हेरला आलेल्या या गृहस्थाने हद्दूखाँकडे गाण्याचे शिक्षणही घेतले होते. गुरुपुत्राची ती दशा पाहून त्यांनी त्यास आपल्याजवळ आणले व अखेरपर्यंत सांभाळले. एरवी घोडे आणि वाघ-सिंह घेऊन हिंडणाऱ्या त्या तांड्यात आता एक ख्यालगायकही गावोगाव फिरू लागला.

जुन्या जाणत्यांच्या आठवणींतून त्यांची जी मूर्ती उभी राहते, ती चमत्कारिक आहे. श्रोत्यांकडे लक्ष नाही, मानापमानाची जाणीव नाही, स्वतःशीच पुटपुटणे चाललेले. परंतु एकदा स्वर लागला, की त्या उंच, मधुर कंठातून राग अस्खलित उलगडत जाई. बाहेरचे भान हरपले असतानाही लय सुटत नसे. मग गात होते ते कोण?

अफूने गाणे दिले, हे उत्तर मला मुळीच मान्य नाही. अफूने त्यांना रस्त्यावर आणले, एवढेच. दीर्घ अभ्यासाने अंगी मुरलेले कौशल्य जाणीवपूर्वक आठवावे लागत नाही, हे मानसशास्त्रासही आता मान्य आहे. सायकल चालविणारा तोल सावरण्याचा विचार करीत नाही, तसा मुरलेला गवई समेची मात्रा मोजत बसत नाही. तथापि एवढ्याने कोडे सुटत नाही. तीस वर्षे तोच पाठ शिकविणाऱ्या आम्हा अध्यापकांची जीभही कधी कधी आपोआप चालते. पण अशा वेळी वर्ग पेंगू लागतो. रहिमतखाँच्या गाण्याने श्रोते भारावून जात. शिवाय ख्याल हा काही पाठ केलेला मजकूर नव्हे. त्यात पुढचा स्वर प्रत्येक वेळी नव्याने निवडावा लागतो. तेव्हा त्यांचे मन जगातून उठून गेले होते; स्वरातून नव्हे, असेच म्हणावे लागते. तालमीने कंठाची सारी कामे परस्पर उरकण्याची सोय करून ठेवली होती. उरलेसुरले जे चित्त होते, ते अखंड स्वरापाशी राहिले.

त्यांच्या गाण्याचे वळण पित्याच्या जोरकस गायकीहून निराळे, अधिक आर्त होते. त्याचा प्रभाव अब्दुल करीमखाँ यांच्यावर पडला, असे जाणकार मानतात. भैरवीतील एकच ठुमरी या दोघांच्याही ध्वनिमुद्रिकांत ऐकावयास मिळते. रसिकांनी त्या दोन्ही एकापाठोपाठ अवश्य ऐकाव्यात.

विष्णुपंत १९०५ मध्ये वारले. पुढे त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी रहिमतखाँचा सांभाळ केला. गुरुऋण म्हणून पत्करलेली ही जबाबदारी छत्रे घराण्याने दोन भावांच्या हयातीत निभावली, याची नोंद संगीताच्या इतिहासात ठळकपणे व्हावयास हवी. १९२० च्या सुमारास, वार्धक्यात, त्यांच्या काही ध्वनिमुद्रिका निघाल्या. एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे. पण तेवढ्यातही तान सहज समेवर येऊन विसावते. १९२२ मध्ये कुरुंदवाड येथे त्यांचे देहावसान झाले.