काचेमागचे रंग

कारेगावच्या आमच्या घरी माजघरात एक जुने काचेचे चित्र होते. निळ्या डगल्यातले फ्रेंच शिपाई, मधोमध एक घोडेस्वार, मागे तोफांचा धूर आणि खाली फ्रेंच अक्षरांची एक ओळ. दिवाळीच्या साफसफाईत मी ते चौकटीतून काढले व पाठीमागून ओल्या फडक्याने पुसले. फडके निळे झाले आणि घोडेस्वार चेहऱ्यासकट नाहीसा झाला. आजी रागावली नाही. तेच मनाला अधिक लागले.

पुढे इतिहासाच्या सरांबरोबर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो. तिथल्या काचचित्रांपुढे सरांनी माझी चूक मला उलगडून दाखवली. हे चित्र काचेच्या मागच्या अंगाला उलटे काढतात. आधी डोळे, मिशा, दागिने, मग चेहरा आणि सर्वांत शेवटी आकाश. छापील चित्र असले तर रेषा छापाच्या, पण रंग मागूनच भरलेले. म्हणजे पाठ हाच त्याचा जीव!

ही काचचित्रे जपणारे काका केळकर मात्र त्या दिवसापासून माझ्या मनात घर करून राहिले. दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६ चा. घरचा व्यवसाय चष्म्यांचा, ओढ कवितेची. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा छंद जडला. लोकांनी अडगळीत टाकलेले दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये, कोरीव दरवाजे त्यांनी गावोगाव हिंडून गोळा केले. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषसुद्धा त्यांनी आणून पुन्हा उभे केले.

त्यांचा मुलगा राजा बालपणीच गेला. त्या दुःखाने हा माणूस खचला असता तर नवल नव्हते. पण संग्रहाला त्यांनी मुलाचेच नाव दिले आणि वीस हजारांवर वस्तूंचा हा ठेवा १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. १९९० साली काका गेले.

एका चष्मेवाल्याने साऱ्या महाराष्ट्राला आपल्याच घरातल्या वस्तूंकडे पाहायची दृष्टी दिली, असे मला वाटते. आमचे चित्र आजीने पुन्हा भिंतीवर लावले आहे. घोडेस्वाराच्या जागी आता नुसती काच आहे. तिच्यात पाहिले की माझाच चेहरा दिसतो.