चित्रकला येत नाही म्हणणाऱ्या रवींद्रनाथांच्या वहीतली खाडाखोड पॅरिसच्या गॅलरीत कशी पोहोचली?

आर्ट जर्नलचे रील्स बघून अनेक जण हौसेनं वही आणतात. ब्रश पेन येतात, रंग येतात, चिकटवायला रंगीत टेप येते. आणि मग वहीचं पहिलंच पान महिनोन्महिने कोरं राहतं. कारण एकच, आपल्याला चित्र कुठं काढता येतं?

हीच अडचण एका नोबेल विजेत्याचीही होती. नाव, रवींद्रनाथ टागोर.

कविता, कादंबऱ्या, नाटकं आणि दोन हजारांवर गाणी लिहिणाऱ्या या माणसाची चित्रकार म्हणून कारकीर्द सुरू झाली ती साठी ओलांडल्यावर. तीही एखाद्या आर्ट स्कूलमधून नाही, तर कवितेच्या वहीतल्या खाडाखोडीतून. मृत्यूपर्यंत त्यांच्या चित्रांची संख्या दोन हजारांच्या पुढं गेली होती.

हे नेमकं घडलं कसं, ते बघू.

घरात चित्रकार, पण स्वतःचा हात वळेना

रवींद्रनाथांचा जन्म ७ मे १८६१ रोजी कोलकात्याच्या जोडासांको इथल्या ठाकूरवाड्यात झाला. घरात संगीत, नाटक, साहित्य सगळंच. मुलांना शिकवायला घरी मास्तर यायचे, त्यात चित्रकलेचेही असायचे. पण रवींद्रनाथांची गाडी शब्दांच्याच रुळावर धावली.

१८७८ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, इंग्लंडला जाण्याआधी ते मुंबईत राहिले होते. प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी. तर्खडकरांची मुलगी अन्नपूर्णा त्यांना इंग्रजी शिकवायची. या तरुणानं तिला नलिनी हे नाव दिलं आणि ते कवितेतही आणलं. थोडक्यात, मनात काही आलं की त्याचे शब्द व्हायचे, चित्र नाही.

पुढं त्यांचे पुतणे अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ देशातले नावाजलेले चित्रकार झाले. १९१९ साली शांतिनिकेतनमध्ये कलाभवन सुरू झालं आणि नंदलाल बोस यांच्यासारखा कलावंत तिथं शिकवू लागला. म्हणजे रवींद्रनाथांच्या आजूबाजूला सगळे तयार हाताचे चित्रकार. अशा माणसांसमोर आपली वेडीवाकडी रेघ दाखवायची म्हणजे अवघडच.

१९०० सालची फसलेली वही

त्यांनी आधी प्रयत्नच केला नव्हता, असंही नाही. १९०० साली, चाळिशीला टेकलेले असताना, त्यांनी एक चित्रांची वही सुरू केली होती. शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस हे त्यांचे जवळचे मित्र. त्यांना लिहिलेल्या पत्रात रवींद्रनाथांनी या वहीची स्वतःच थट्टा केली. पेन्सिलीपेक्षा खोडरबरच जास्त चालतोय, असा त्या पत्राचा सूर होता. ही चित्रं काही पॅरिसच्या प्रदर्शनासाठी नाहीत, हेही त्यांनी गमतीनं कळवलं होतं.

तो नाद तेव्हा फार पुढं गेला नाही. आधी सुबक काढायचं, चुकलं की पुसायचं, पुन्हा काढायचं, पुन्हा पुसायचं. आज वही अर्धवट सोडणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल.

त्यानंतरची वर्षं तर फारच जड गेली. १९०२ मध्ये पत्नी मृणालिनीदेवी गेल्या, १९०३ मध्ये मुलगी रेणुका, १९०७ मध्ये धाकटा मुलगा शमींद्रनाथ. १९१३ साली नोबेल मिळालं, पण १९१८ मध्ये थोरली मुलगी माधुरीलताही गेली. या सगळ्यात लिहिणं मात्र कधी थांबलं नाही.

खोडलेल्या शब्दांचं काय करायचं?

कविता लिहिताना ओळ पटली नाही की आपण ती खोडतो. रवींद्रनाथही खोडायचे. पण पानावर विखुरलेले ते काळे डाग त्यांना खटकायचे. म्हणून ते खोडलेले शब्द रेषांनी एकमेकांना जोडू लागले.

एका ओळीतली खोड दुसऱ्या ओळीतल्या खोडीला जोडायची. मधली जागा शाईनं भरायची. मग त्यातूनच कुठं पक्ष्याची चोच दिसायची, कुठं न बघितलेला प्राणी, कुठं नुसतीच वळणदार नक्षी. कवितेचं पान तसंच राहायचं, फक्त चुकीच्या जागी एक आकार उभा राहायचा.

यात १९०० सालच्या वहीपेक्षा एक मोठा फरक होता. काय काढायचं हे आधी ठरलेलंच नव्हतं, त्यामुळं ते चुकण्याचाही प्रश्न नव्हता. उलट चूक झाली होती म्हणूनच चित्र सुरू होत होतं. खोडरबराचं कामच संपलं.

अर्जेंटिनात कुणीतरी ती वही बघितली

१९२४ साली रवींद्रनाथ पेरू देशाच्या निमंत्रणावरून दक्षिण अमेरिकेला निघाले. वाटेत आजारी पडले आणि अर्जेंटिनातच थांबावं लागलं. तिथल्या लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो यांनी ब्युनोस आयर्सजवळ सान इसिद्रो इथं नदीकाठच्या एका घरात त्यांची सोय केली. रवींद्रनाथ तिला विजया म्हणायचे.

तिथं ते ज्या वहीत कविता लिहीत होते, ती ओकाम्पोच्या हाती पडली. या कविता पुढं ‘पूरबी’ संग्रहात आल्या आणि तो विजयालाच अर्पण केला गेला. तिला बंगाली येत नव्हतं. त्यामुळं तिला कविता दिसण्याआधी खाडाखोडीतून उगवलेले पक्षी, प्राणी आणि चेहरे दिसले. ही नुसती गिरगटण नाही, हे तिनं ओळखलं.

साधारण १९२८ पासून रवींद्रनाथ कवितेची वही सोडून सुट्या कागदांवरही चित्रं काढू लागले. तेव्हा त्यांचं वय होतं ६७.

सामान काय होतं?

फार काही नाही. मिळेल तो कागद आणि लिहायची शाई. ब्रश हाताशी नसेल तर पेनाचं टोक, चिंधी, नाहीतर बोट. बरीच चित्रं ते एका बैठकीत संपवायचे. चित्रांना नावं देणं त्यांना आवडत नसे. बघणाऱ्यानं आपापला अर्थ लावावा, अशी त्यांची भूमिका होती. त्यांना लाल आणि हिरव्या रंगातला फरक ओळखायला अडचण होती, असंही काही अभ्यासकांनी मांडलं आहे.

आणि खरंच पॅरिस

१९३० साली रवींद्रनाथ चित्रं घेऊन फ्रान्सला पोहोचले. ओकाम्पोही तेव्हा तिथंच होती. तिनं ओळखीपाळखी वापरून भराभर चक्रं फिरवली आणि मे महिन्यात पॅरिसच्या पिगाल गॅलरीत रवींद्रनाथांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं. तीस वर्षांपूर्वी जे नाव थट्टेत घेतलं होतं, त्याच शहरात.

पुढं लंडन, बर्लिन, मॉस्को, न्यूयॉर्क अशा शहरांत ही चित्रं गेली. बर्लिनच्या नॅशनल गॅलरीला त्यांनी पाच चित्रं भेट दिली. १९३७ साली नाझींनी आधुनिक कलेला विकृत ठरवून संग्रहालयांतून हजारो कलाकृती काढल्या, त्यात ही चित्रंही होती.

मायदेशात मात्र त्यांना धाकधूक होती. लोकांना सुबक, ओळखीची चित्रं बघायची सवय आणि यांच्या कागदांवर तर काळपट चेहरे, विचित्र प्राणी, गूढ बायका. तरीही १९३१ च्या अखेरीस, त्यांच्या सत्तरीनिमित्तच्या सोहळ्यात, कोलकात्यातही प्रदर्शन झालं. १९३७ मध्ये ‘खापछाडा’ आणि ‘शे’ ही पुस्तकं त्यांनी स्वतःच्याच चित्रांनी सजवली. ७ ऑगस्ट १९४१ रोजी त्यांचं निधन झालं.

आज त्यांची चित्रं शांतिनिकेतनच्या रवींद्रभवनात आणि दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जपलेली आहेत. भारत सरकारनं त्यांना राष्ट्रीय कलासंपत्तीचा दर्जा दिला आहे.

मग नव्यानं वही सुरू करणाऱ्यानं यातून काय घ्यायचं?

एक, नवी कोरी वही लागतच नाही. लेक्चरच्या नोट्स, हिशेबाचं पान, जुनी डायरी, जिथं आधीच काही लिहिलंय तिथं सुरुवात करणं सोपं जातं. कोऱ्या पानाची भीती तिथं नसते.

दोन, एखादा शब्द चुकला तर पान फाडू नका. तो शब्द पूर्ण काळा करा, शेजारच्या खोडीला जोडा आणि काय दिसतंय ते बघा.

तीन, साधं शाईचं पेन घ्या. पुसता येत नाही, म्हणून हात पुढं जातो.

आणि चार, पान कुणाला दाखवायचं ही घाई नको. रवींद्रनाथांच्या वहीतले पक्षी काही प्रदर्शनासाठी काढलेले नव्हते. ते एका न जमलेल्या ओळीवर बसले होते, इतकंच.