सेल्फवाला केटरिंग

मे महिन्याच्या सुट्टीत मी खारदांड्याला मामाकडे होतो. मामाचं गाड्यांच्या वायरिंगचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे रिक्षा-टेम्पोवाले आणि कोळीवाड्यातले बोटवाले. एक दिवस मात्र चक्क १९३० च्या सुमाराची शेवरले आली. आली म्हणजे ढकलत आणली. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली आपल्या मुंबईत, शिवडीला, गाड्या जोडायचा कारखाना काढला होता. ही गाडी तिथलीच, असं मालक अभिमानाने सांगत होते.

बॅटरी सहा व्होल्टची आणि नवी कोरी होती. मी मीटर लावला. ६.२ व्होल्ट! मी इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी, लगेच निदान करून मोकळा झालो की बॅटरी झकास आहे, सेल्फ गेलाय. मामा काही बोलला नाही. मीटर तसाच ठेवून त्याने मालकांना पायाने सेल्फ दाबायला सांगितलं. नुसता टक आवाज आला आणि मीटरचा आकडा धाडकन तीनच्या खाली! सहा व्होल्टच्या बॅटरीला आता गिऱ्हाईक कमी, त्यामुळे ती दुकानात वर्षभर पडून होती. प्लेटांवर सल्फेट धरलं होतं. रिकामी बसली की व्होल्ट दाखवायचे आणि काम सांगितलं की मान टाकायची. (आमच्या ग्रुपमधले काही जण आठवले, पण ते असो.)

तेव्हा वाटलं, हा सेल्फ पहिल्यांदा बनवला तरी कोणी? होस्टेलवर परत आल्यावर लायब्ररी पालथी घातली आणि चार्ल्स केटरिंग भेटला.

केटरिंगचा जन्म १८७६ सालचा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, शेतकऱ्याच्या घरी. डोळे लहानपणापासून अधू. आधी खेड्यात शाळामास्तर झाला, मग इंजिनिअरिंगला गेला. डोळ्यांच्या त्रासाने कॉलेज मध्येच सोडावं लागलं, तेव्हा टेलिफोन कंपनीत खांब पुरायचं काम केलं. पुन्हा कॉलेज गाठून १९०४ मध्ये तो इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला. तेव्हा वय होतं २७. म्हणजे केटी लागून वर्ष गेलेल्यांनी निराश व्हायचं कारण नाही!

पहिली नोकरी डेटन शहरात, गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत. हाताने हँडल फिरवायच्या त्या यंत्राला त्याने छोटी मोटर बसवली. ती दिवसभर चालायची नव्हती, गल्ला उघडायपुरती क्षणभर फिरली की झालं. क्षणभरासाठी मोटरला कितीतरी जास्त करंट दिला तरी ती जळत नाही, हे त्याने तिथे हेरलं.

त्या काळी मोटारगाडी हँडल मारून चालू करायची. इंजिनाने उलटा झटका दिला की हात मोडायचा. बंद पडलेली गाडी चालू करून देताना हँडल जबड्यावर बसून बायरन कार्टर नावाच्या मोटार बनवणाऱ्याचा जीव गेला आणि त्यामुळे कॅडिलॅकचे प्रमुख लेलंड अस्वस्थ झाले, असं सांगतात. जाणकारांचं म्हणणं होतं की इंजिन फिरवायला इंजिनाएवढीच मोठी मोटर लागेल. केटरिंगने गल्ल्याचा धडा इथे लावला. १९०९ मध्ये त्याने एडवर्ड डीड्सबरोबर डेल्को कंपनी काढली होती, आणि काम चालायचं डीड्सच्या घरामागच्या कोठारात. तिथे तयार झालेला सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बसला. तेच यंत्र आधी मोटर म्हणून इंजिन फिरवायचं आणि इंजिन सुरू झालं की डायनॅमो होऊन बॅटरी भरायचं. सुरू करताना २४ व्होल्ट, बाकी वेळी ६. पुढे गाड्यांत सहाच व्होल्ट रूढ झाले आणि नंतर बारा.

आता मामाची बॅटरी निवडायची पद्धत मला कळली. सेल्फला काही सेकंद प्रचंड करंट लागतो, म्हणून आत पातळ आणि पुष्कळ प्लेटा हव्यात. इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या जाड प्लेटा तासन्‌तास थोडा थोडा करंट द्यायला असतात, त्या इथे नकोत. बनवल्याची तारीख बघायची. सेल्फ मारताना व्होल्ट किती पडतात ते मोजायचं, साडेचारच्या खाली गेले तर बॅटरी परत करायची. तेवढ्याच ताकदीला सहा व्होल्टवर बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, म्हणून केबल जाड हवी. अर्थ प्लसला आहे की मायनसला ते गाडीवर बघूनच जोडायचं, कारण जुन्या गाड्यांत दोन्ही प्रकार होते. आणि खाऱ्या हवेत टर्मिनल फुलतात, त्यांना व्हॅसलीन लावायचं.

पण केटरिंगची गोष्ट इथे संपत नाही. डेल्को पुढे जनरल मोटर्समध्ये गेली आणि १९२० पासून १९४७ पर्यंत तो तिथल्या संशोधनाचा प्रमुख होता. १९२३ सालचं त्याचं हवेने थंड होणारं तांब्याच्या पात्यांचं इंजिन साफ फसलं, विकलेल्या गाड्या परत घ्याव्या लागल्या. इंजिनातली ठोठो थांबवायला १९२१ मध्ये त्याच्या हाताखालच्या मिजलीने पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालायची युक्ती काढली. इंजिन खूश झालं. १९२४ मध्ये ते बनवणारे कामगार शिशाच्या विषाने मेले, तरी केटरिंग त्या पेट्रोलच्या बाजूनेच उभा राहिला. भारतात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, आणि जगातून गाड्यांसाठीचं ते पार २०२१ मध्ये गेलं. याच माणसाच्या नावाने १९४५ मध्ये न्यूयॉर्कला कॅन्सर संशोधनाची संस्थाही उभी राहिली. १९५८ मध्ये तो वारला.

मामाचं उजवं मनगट थोडं वाकडं आहे. तरुणपणी बोटीच्या इंजिनाचं हँडल उलटलं होतं. सेल्फ असता तर ते वाचलं असतं. आणि हाच मामा पोरवयापासून ग्रीसचे हात रोज पेट्रोलने धुवायचा, तेव्हाच्या शिशाच्या पेट्रोलने. केटरिंगचं देणं आणि घेणं, दोन्ही त्याच्या एकाच हातावर आहे. शिशाचं पेट्रोल केटरिंगने इंजिनावर तपासलं. रस्त्यावरच्या माणसावर त्याचा काय लोड पडतो, ते त्याने मोजलंच नाही.

शेवरलेला दुसरी बॅटरी मिळाली. सेल्फ मारताना पाच व्होल्ट टिकले आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. उद्या प्रोजेक्ट करताना किंवा नोकरीत काही बनवताना आपणही मीटर लोडवर लावून बघू या. नुसत्या ६.२ वर खूश होऊ नका, मी होऊन बसलो होतो.

— तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी